विवाहाविना सहजीवन (ख्रिस्ती नीतिविचार)

विवाहाविना सहजीवन म्हणजे स्त्री-पुरुषांनी विवाह न करता पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहणे. बोलण्यात यास ‘लिव्ह-इन’ म्हणतात. लैंगिक संबंधांचे योग्य स्थान विवाह हेच होय, अशी ख्रिस्ती पंथांची पारंपरिक शिकवण असल्याने असे सहजीवन नीतिबाह्य मानले जाते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात कॅथलिकांची जुनी वस्ती असून १९९८ मध्ये तेथे स्वतंत्र वसई धर्मप्रांत स्थापन झाला. तेथील कॅथलिकांना या बाबतीत चर्चचा सार्वत्रिक धर्मकायदा लागू होतो.

बायबलमधील आधार

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील पती-पत्नीच्या एकरूपतेचे वचन, करिंथकरांस पहिल्या पत्रातील (अध्याय ६ व ७) जारकर्मविषयक उपदेश आणि इब्री लोकांस पत्रातील (१३:४) विवाहाच्या पावित्र्याचा आग्रह हे प्रमुख आधार होत. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ४) पती नसलेल्या पुरुषासोबत राहणाऱ्या शोमरोनी स्त्रीला येशू वस्तुस्थितीची जाणीव करून देतो. मात्र तिला झिडकारत नाही.

कॅथलिक शिकवण

मध्ययुगात केवळ परस्परसंमतीने, गुप्तपणे झालेला विवाहही वैध ठरे. त्यामुळे पुढे एकाने विवाह नाकारल्यास दुसऱ्याजवळ पुरावा नसे. हे टाळण्यासाठी ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक केली. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात मुक्त सहजीवन (परिच्छेद २३९०) व ‘प्रायोगिक विवाह’ (२३९१) दोन्ही अमान्य केले आहेत. संपूर्ण आत्मदान तात्पुरते असू शकत नाही, हा त्यामागील युक्तिवाद आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात शिकवण कायम ठेवून, गरिबी व विवाहसमारंभाचा खर्च यांमुळेही काही जोडपी विवाह टाळतात याची दखल घेतली आणि त्यांना संयमाने विवाहाकडे नेण्यास सांगितले.

नोंदणी विवाह

विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये केवळ नोंदणी केलेला विवाह कायद्याने पूर्ण वैध असतो. परंतु चर्चची अनुमती न घेता तो केल्यास कॅथलिक व्यक्तीच्या बाबतीत धर्मदृष्ट्या वैध ठरत नाही. अशी जोडपी आणि ‘लिव्ह-इन’ जोडपी यांची स्थिती मात्र एकच नाही. पहिल्यांनी परस्परांची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारलेली असते. आंतरधर्मीय विवाहासाठी बिशपांकडून सूट मिळू शकते, तसेच आधीच झालेला नोंदणी विवाह नंतर धर्मदृष्ट्या वैध करून घेण्याची तरतूदही आहे.

अपत्ये

आईवडिलांचा विवाह झालेला नाही, एवढ्याच कारणावरून मुलाचा बाप्तिस्मा नाकारता येत नाही. मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा असावी, ही अट धर्मकायद्यात (कलम ८६८) आहे.

अन्य पंथ

प्रोटेस्टंट पंथ विवाहाला सहसा संस्काराऐवजी देवासमोर केलेला करार मानतात. चर्च ऑफ इंग्लंडच्या १९९५ मधील एका अहवालाने अशा जोडप्यांविषयी ‘पापात राहणे’ हा शब्दप्रयोग सोडून द्यावा, असे सुचविले. त्यावर मोठा वाद झाला.

भारतीय कायदा

सज्ञान व्यक्तींनी संमतीने एकत्र राहणे हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने खुशबू खटल्यात (२०१०) स्पष्ट केले. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियम, २००५ ‘विवाहसदृश’ संबंधातील स्त्रीलाही संरक्षण देतो. मात्र प्रत्येक सहजीवन विवाहसदृश ठरत नाही, असे इंद्रा सर्मा खटल्यात (२०१३) न्यायालयाने म्हटले. कायद्याची मुभा व धर्माची मान्यता हे त्यामुळे दोन स्वतंत्र प्रश्न राहतात.