बोहारणीची बोटं आणि बुरशीची भूक

आपल्या कांदिवलीच्या चाळींत वाढलेल्यांना बोहारीण आठवत असेलच. चार जुने कपडे द्यायचे, घासाघीस करायची आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं. कापड बोटांत चुरगाळून ती सांगायची, हे सुती, हे टेरिकॉट. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, हे आपण शिकतो. जुन्या कापडाचा इतिहास मात्र शिकत नाही.

तो आता जीवशास्त्राच्या मुलांपर्यंत पोचलाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजू लागलं. त्यातून सापडलेल्या एका बुरशीला पुढे नाव मिळालं ट्रायकोडर्मा रीसी. तिची विकरं सुताची साखर करतात. शत्रू म्हणून पकडलेली ही बुरशी पुढे कारखान्यांत कामाला लागली!

२०१६ साली जपानी संशोधकांनी पेट प्लास्टिक खाणारा जिवाणू जाहीर केला. बाटलीचं पेट आणि साडीचं पॉलिएस्टर, रसायन एकच. एमआयटीतल्या २००३ सालच्या वर्गातून निघालेल्या आयजेम स्पर्धेत विद्यार्थी अशाच जनुकांची जुळणी करतात.

अडतं कुठे? धाग्यातलं पॉलिएस्टर घट्ट रचलेलं असतं, विकर त्यात सहज शिरत नाही. शिवाय बटणं, चेन आधी काढायला हव्यात, सुती-मिश्र ओळखायला हवं. म्हणजे पहिलं काम निवडीचंच, आणि ते बोहारणीला पिढ्यान्‌पिढ्या येतं. म्हणून मुलांना आम्ही एवढंच म्हणू: परीक्षानळी धरण्याआधी एक दिवस तिच्या शेजारी बसा. आणि उद्या यातून पैसा उभा राहिला, तर तिचा वाटा विसरू नका.