कर्जत लाईनवरचा ‘वाइल्ड वेस्ट’

मी विठ्ठलवाडीहून बोलतोय, त्यामुळे मध्येच लोकलचा भोंगा वाजला तर सांभाळून घ्या.

‘वाइल्ड वेस्ट’ म्हटलं की आपल्याला काउबॉय आठवतो. पण सगळं भांडण होतं जमिनीचं. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकेत लोकांना १६०-१६० एकर जमीन वाटली गेली. जणू ती रिकामीच पडली होती! तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारतो कोण? १८६९ला रेल्वे पार पश्चिमेला पोचली आणि उरलंसुरलं संपलं.

आता आपल्याकडे या. १८५३ला गाडी ठाण्यापर्यंत, १८५४ला कल्याणला, १८५६ला थेट खोपोलीपर्यंत. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरचा हा पट्टा अमेरिकेच्या त्या रेल्वेच्या तेरा वर्षं आधी रुळावर आला. आणि इथेही आजूबाजूच्या डोंगरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहत होतेच की.

बंदुकीची गोष्टही आहे बरं का. अकोले भागातला राघोजी भांगरे सावकारांवर आणि इंग्रजांवर उठला. २ मे १८४८ला त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यानंतर जेमतेम पाच वर्षांनी त्याच ठाण्यात आगगाडी आली.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती बिनबंदुकीची लढाई. १८७८चा वन कायदा. देशभर पसरत चाललेल्या रेल्वेला स्लीपरसाठी लाकूड हवं, सरकारला महसूल हवा. मग जंगलाचं ‘राखीव’, ‘संरक्षित’ असं वर्गीकरण झालं. काल ज्या झाडाची फांदी तोडायचो, ती आज तोडली तर गुन्हा!

याचा फटका कसा बसला बघा. कातकरी हे नावच कातावरून आलंय. खैराचं लाकूड तासायचं, उकळायचं, आटवायचं, की विड्यात लागतो तो कात तयार. खैरच सरकारी झाला तर कातकऱ्यानं करायचं काय? आणि फक्त आदिवासीच नाही, भात लावणारा शेतकरीही अडकला. पावसाआधी रोपाच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, त्याला राब म्हणतात. राबाला टहाळ लागतो, आणि टहाळ जंगलातून येतो. कुरबुर इतकी वाढली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांच्या तक्रारींसाठी सरकारला १८८५मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर ओढलेले आसूड याच काळातले. (शाळेत हे पुस्तक फक्त नावापुरतं येतं, वाचा एकदा.)

अमेरिकेत मूळ लोकांना राखीव वस्त्यांमध्ये कोंडलं. आपल्याकडे तेवढीही जागा मोजून दिली नाही. कातकरी कोळसा पाडायला गेले, मग वीटभट्टीवर. पावसाळ्यात खायचे वांधे, म्हणून भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला दिवाळीनंतर अख्ख्या कुटुंबानं बिऱ्हाड उचलायचं. आजही हे चालू आहे. राज्यातल्या तीन अतिमागास आदिवासी समूहांपैकी कातकरी एक. किती तरी कातकरीवाड्यांची घराखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या नावावर असते.

२००६ला वनहक्क कायदा आला. दावा केला तर कसलेली वनजमीन नावावर होऊ शकते. पण पुरावा लागतो, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताबा असल्याचा. आणि जे दर वर्षी सहा-सात महिने भट्टीवर असतात, त्यांनी कागद कधी जमवायचे?