उसना गहू

मिलो म्हणजे काय, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पहा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी, परदेशी ज्वारी! तिची भाकरी कुणाला गोड लागली नाही. पण दिवस निघाले.

त्याच वर्षी रशियातही पीक बुडाले. जनावरे कापण्यापेक्षा धान्य विकत घ्यावे असे तिथल्या सरकारने ठरविले. त्याच्या माणसांनी अमेरिकेत एकेक व्यापारी वेगळा गाठून सुमारे १ कोटी टन गहू गुपचूप उचलला. एकाला दुसऱ्याच्या सौद्याचा पत्ता नाही! आणि गंमत पहा, निर्यातीला अनुदान देत होते खुद्द अमेरिकन सरकार. बातमी फुटली, आणि बुशेलला दोन डॉलरांच्या आत असलेला गहू १९७४ च्या आरंभी पाचांपलीकडे गेला.

आपण म्हणाल, जगाच्या पिकात एवढ्याने काय होते? पण बहुतेक धान्य जिथे पिकते तिथेच खाल्ले जाते. देशोदेशीच्या बाजारात येते ते उरलेसुरले, आणि भाव ठरतो तो त्या थोडक्यावर. त्यातच पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी गेली. कोंबड्यांच्या खाद्यात घालायची मासळीची भुकटी मिळेना, म्हणून सोयाबीन भडकले.

आपल्या सरकारने १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला आणि वर्षभरात सोडला. अंगाशी आला म्हणा ना. बाहेर घ्यायला जावे, तर भाव आवाक्याबाहेर. अखेर त्याच वर्षी २० लाख टन गहू उसना मिळाला, तोही रशियाकडून.