काविळीची माळ आणि दिल्लीचे पाणी

कावीळ झाली तर काय करतात, असे बीड जिल्ह्यातील एखाद्या वर्गात विचारून पाहावे. अमुक गावी माळ मिळते, असे उत्तर बहुधा येईल. ही माळ गळ्यात घातली की दिवसेंदिवस लांबत जाते आणि ती पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असा समज आहे. मुले खोटे सांगत नाहीत. माळ खरोखरच लांबते आणि रोगीही बहुधा बरा होतो. प्रश्न एवढाच, की या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे का?

माळेतील काड्या ओल्या असतात. त्या वाळून आकसल्या की दोऱ्याचे वेढे सैल होतात. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली माळही लांबते. वर्गात हा प्रयोग जरूर करावा. मग रोगी बरा का होतो? त्याचे उत्तर शोधायला थोडे इतिहासात जावे लागेल.

कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तातून बाहेर टाकते. यकृताला सूज आली की हे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे, लघवी पिवळी दिसू लागतात. विषाणूंमुळे येणाऱ्या या सुजेचे दोन प्रकार १९४७ पासून ‘ए’ आणि ‘बी’ या नावांनी ओळखले जाऊ लागले. पहिला दूषित अन्नपाण्यातून पसरणारा, दुसरा रक्तातून.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी शहराच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचले. पाण्यात क्लोरिन जास्त घालण्यात आले. त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण काही आठवड्यांनी काविळीची आली. सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. गढूळ पाण्यात बराचसा क्लोरिन घाणीवरच खर्च होतो. उरलेला जिवाणूंना पुरला, विषाणूला पुरला नाही. गरोदर स्त्रियांना या साथीचा फटका विशेष बसला.

ही साथ ‘ए’ची, असेच पुढे वीस-बावीस वर्षे मानले गेले. तरी एक गोष्ट खटकण्यासारखी होती. आपल्याकडे ‘ए’ विषाणू बहुतेकांना बालपणीच गाठत असे, आणि एकदा तो येऊन गेला की पुन्हा त्रास देत नाही. मग इतकी तरुण, प्रौढ माणसे आजारी कशी पडली? ‘ए’ ओळखण्याच्या चाचण्या हाती आल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील श्रीनिवासन, खुर्शेद पावरी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले. जोडीला नंतरच्या साथींतील नमुनेही होते. ताज्या ‘ए’ संसर्गाच्या खुणा त्यांत सापडल्या नाहीत, ‘बी’नेही उलगडा होईना. १९८० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हा कोणी तिसराच आहे. काश्मीरमधील साथीवरून डॉ. खुरू यांनीही त्याच वर्षी तसेच मांडले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ पसरली.

रशियाच्या बलायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या विष्ठेत विषाणूचे कण दिसले. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये त्याची जनुके हाती आली आणि ‘ई’ हे नाव रूढ झाले. ओळख पटली, पण साथी थांबल्या नाहीत. २०१२ मध्ये इचलकरंजीत ‘ई’नेच हजारोंना आजारी पाडले आणि काही बळीही घेतले.

आता माळेकडे वळू. ‘ए’ आणि ‘ई’चे बहुतेक रोगी काही आठवड्यांत शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने बरे होतात. माळ त्याच काळात वाळते, आणि श्रेय तिला मिळते. एवढ्यावर भागले असते तर आम्ही तक्रार केली नसती. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाल्यास पाचांपैकी एखादी स्त्री दगावू शकते. तिच्यासाठी माळेत गेलेला प्रत्येक दिवस मोलाचा असतो. गरोदर स्त्रीला कावीळ दिसली किंवा कोणताही रोगी असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. इतरांनी विश्रांती घ्यावी, साधा पण पोटभर आहार घ्यावा. हळद बंद करण्याचे कारण नाही. दारू आणि मनाने घेतलेली औषधे मात्र बंदच हवीत.

‘बी’ आणि ‘सी’ यांच्याबाबतीत माळ आणखी फसवी ठरते. त्यांत डोळे पिवळे न होताही विषाणू वर्षानुवर्षे यकृत पोखरत राहू शकतो. ‘बी’वर लस आहे, तिचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. ‘सी’वर लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

‘ई’पासून बचावाची जागा मात्र पाणी हीच. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या आपल्या जिल्ह्यात विहीर, टँकर, हौद, घरचा माठ या वाटेवर पाणी कुठेही बिघडू शकते. टीसीएल पावडर टाकली म्हणजे काम संपले असे नाही. शेवटच्या नळाला क्लोरिन उरला आहे का, हे पाहावे लागते. ग्रामपंचायतीकडून ओटी टेस्टचे द्रावण मागून घ्यावे आणि मुलांकडून शाळेच्या टाकीचे पाणी तपासून घ्यावे. थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर क्लोरिन आहे. रंग आला नाही, तर पाणी उकळून प्यावे आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवावे.