सोलापूरचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे

१९३० सालच्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सोलापूरने इंग्रज सत्तेला काही दिवस शहराबाहेर ठेवले आणि त्याची जबर किंमत मोजली. त्या काळी सोलापूर म्हणजे कापडगिरण्यांचे गाव. १८७७ मध्ये उभी राहिलेली जुनी गिरणी आणि तिच्यामागोमाग आलेल्या इतर गिरण्यांभोवती कामगारांच्या वस्त्या वाढल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे शेजारी-शेजारी राहत. हातमागावरचे विणकर, व्यापारी आणि गिरणी कामगार यांच्यात काँग्रेसचे काम रुजले होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला.

५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहरात हरताळ सुरू झाला. दारूबंदी हा चळवळीच्या कार्यक्रमाचा भाग होता आणि ताडी-शिंदीवरचा कर हे सरकारच्या अबकारी उत्पन्नाचे एक साधन होते. म्हणून ८ मे रोजी लोकांनी रूपाभवानीच्या परिसरातील शिंदीची झाडे तोडायला घेतली. पोलिसांनी काही जणांना पकडले, तेव्हा त्यांना सोडावे म्हणून जमाव अडून बसला. जिल्हाधिकारी नाइट घटनास्थळी आले. कार्यकर्ते मल्लप्पा धनशेट्टी लोकांना शांत करत होते. तरीही गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला.

यानंतर लोकांचा संयम सुटला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, त्यात पोलिसांचे प्राण गेले. न्यायालयाच्या इमारतीला आग लावण्यात आली. पोलिसांच्या गोळीबारात आणखी माणसे पडली. पुढे पोलीस शहरातून मागे घेण्यात आले. ९ ते ११ मे या तीन दिवसांत रस्त्यावरच्या वाहतुकीपासून शांतता राखण्यापर्यंतची कामे काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. सरकारला दंग्यापेक्षा हीच गोष्ट अधिक झोंबली. सरकारी यंत्रणेवाचूनही शहर चालते, हे उघड झाले होते.

१२ मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि लष्कराने शहर ताब्यात घेतले. नगरपालिकेवरचा ध्वज उतरवण्यात आला, अध्यक्ष माणिकचंद शहा यांना शिक्षा झाली. गांधी टोपी घालणे आणि राष्ट्रध्वज बाळगणे हेसुद्धा गुन्हे ठरले. टोपी घातल्याबद्दल माणसाला पकडले जाई. तुळशीदास जाधव यांच्यासह अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. हा अंमल जूनअखेरपर्यंत चालला.

सरकारने पोलिसांच्या हत्येचा खटला भरला आणि त्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी हे लिंगायत समाजातले, श्रीकिसन सारडा मारवाडी, जगन्नाथ शिंदे मराठी भाषक, तर अब्दुल रसूल कुर्बान हुसेन मुस्लिम. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत, त्यांचे वय जेमतेम विशीचे होते. ज्या धनशेट्टींनी जमाव आवरायचा प्रयत्न केला, तेही या चौघांत होते. लोकांवर ज्यांचा शब्द चालत होता, त्यांनाच सरकारने धडा शिकवायला निवडले, अशी सोलापूरकरांची ठाम भावना झाली. शिक्षा रद्द व्हावी म्हणून झालेल्या प्रयत्नांना यश आले नाही.

१२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. एकाच खटल्यात वेगवेगळ्या धर्मांचे आणि समाजांचे चार तरुण एकाच दिवशी फासावर गेले. दहशतीने शहर गप्प बसेल हा सरकारचा होरा मात्र चुकला. १९४२ च्या लढ्यातही सोलापूर मागे राहिले नाही. शहरातील चौकात चारही हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत आणि १२ जानेवारी हा दिवस सोलापूरकर हुतात्मा दिन म्हणून पाळतात.