चांदी अस्वल

मार्जार वा अस्वल कुळातील नव्हे, तर मुस्टेलिडी कुळातील मांसाहारी सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव मेलिव्होरा कॅपेन्सिस. रॅटेल म्हणूनही ओळखतात. उत्तरेकडील हिमप्रदेशातील वुल्व्हरिन याच कुळातला. महाराष्ट्रात मात्र वुल्व्हरिन आढळत नाही. चांदी अस्वलाचा आढळ आफ्रिकेपासून भारतापर्यंत आहे. हिंगोली जिल्ह्यात कयाधू, पैनगंगेकाठी दिसतात तशा घळी, झुडपी राने व खडकाळ माळ त्याला मानवतात.

पाठ राखाडी-पांढरी, खालची बाजू काळी. कातडी जाड आणि इतकी सैल, की मानेला धरले तरी तो आतल्या आत वळून चावतो. बाह्यकर्ण जवळजवळ नसतातच. पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी कठीण जमीनही भराभर उकरतो. उंदीर, साप, सरडे, भुंगेरे हे मुख्य भक्ष्य. पोळी फोडून मध व अळ्याही खातो. डिवचल्यास गुदग्रंथींतून उग्र दर्प सोडतो.

बहुधा एकटा व निशाचर असल्याने तो क्वचितच दिसतो. प्रेते उकरतो या समजुतीपायी त्याची नाहक बदनामी झाली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे.