राखणदाराच्या कमरेच्या किल्ल्या

दिवाळीत वहीपूजन करणारा व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो, त्यामागे एक जुनी जाण आहे. माल गेला तर पुन्हा भरता येतो. वही गेली तर देणे-घेणे सारेच बुडते. आता वह्या संगणकात गेल्या, आणि त्या हरवण्याचे भयही त्यांच्यामागोमाग तेथे गेले. म्हणून दप्तराची दुसरी प्रत नित्य काढून ठेवण्याची रीत पडली. तिला ‘बॅकअप’ म्हणतात. संकटात शेवटचा आधार हाच. परंतु ही प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे या राखणदाराचा, गेल्या वीस वर्षांचा इतिहास विचार करायला लावणारा आहे.

त्याचे काम असे चालते. कचेरीतील प्रत्येक संगणकावर त्याचा एक मदतनीस बसलेला असतो. मध्यवर्ती यंत्राने हाक मारली, की तो सारी कपाटे उघडून कागद पुढे करतो. सर्व खोल्यांत जाण्याची मुभा नसेल तर तो नक्कल काढणार कशी? तेव्हा घरच्या साऱ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला! त्याला फसवले, की कुलपे फोडण्याचे कारणच उरत नाही.

व्हेरिटास कंपनीच्या ‘बॅकअप एक्झेक’ या नामांकित प्रोग्रॅममध्ये २००५ च्या जूनमध्ये नेमके हेच उघडकीस आले. मदतनीस परवलीचा शब्द विचारी. तो शब्द अवाच्या सवा लांब दिला, की नेमून दिलेल्या जागेबाहेर सांडे, आणि त्या सांडलेल्या मजकुरातील हुकूम यंत्र निमूटपणे पाळी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट कळली. प्रोग्रॅमच्या आत एक ठरीव परवलीचा शब्द होता, आणि तो सगळीकडे सारखाच होता. गावातील प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लागावी, तसा हा प्रकार.

या दोषांवर इलाज झाला. पण मार्च २०२१ मध्ये कंपनीला त्याच प्रोग्रॅममधील आणखी तीन छिद्रे बुजवावी लागली. ओळख पटवण्याची एक जुनी पद्धत वापरातून गेली होती, पण ती बंद करायचे राहून गेले होते. वाड्याची पुढची दिंडी भक्कम केली, मागचे दार मात्र नुसते लोटलेले, अशी स्थिती! दुरुस्ती आली, पण पुष्कळांनी ती करून घेतली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ब्लॅककॅट’ या खंडणीखोर टोळीचा एक साथीदार त्याच दाराने आत शिरला. दीड वर्षापूर्वी आलेले कुलूप दाराला लागलेच नव्हते.

खंडणीखोर दप्तर कुलपात घालून पैसे मागतात. ज्याच्यापाशी दुसरी प्रत आहे तो पैसे का देईल? म्हणूनच चोर आधी ती प्रत शोधतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘वीम’ या दुसऱ्या बॅकअप प्रोग्रॅममधील दोष जाहीर झाला. त्याची तीव्रता दहापैकी ९.८ ठरली होती. पुढच्याच महिन्यात ‘अकिरा’ आणि ‘फॉग’ या खंडणीच्या प्रोग्रॅमांसह आलेल्या चोरांनी त्याचा फायदा घेतल्याचे उघड झाले.

मग प्रत वाचते कोणती? याचे उत्तर २०१७ साली मिळाले होते. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम डेन्मार्कच्या मार्स्क या जहाज कंपनीत पसरला. आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या धक्क्याचेही काम अडले. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, याची नोंद ठेवणारी तिची दीडशेच्या आसपास यंत्रे जगभर होती, आणि ती एकमेकांच्या प्रती सांभाळीत. एक गेले तर दुसरे आहे, हा हिशेब. पण सारी एका तारेत गुंफलेली, म्हणून सारी एकदमच गेली. वाचले फक्त घानामधील एक, कारण तेथे नेमकी वीज गेली होती! त्या यंत्रातील नोंदी माणसांकरवी विमानाने इंग्लंडला पोचवल्या, तेव्हा कंपनीचे तंत्र पुन्हा उभे राहिले.

मार्स्कला जे दैवाने दिले, ते आपल्याला हाताने करता येते. घरातील छायाचित्रे, आजोबांची पत्रे, जमिनीचे कागद यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, तार काढावी आणि डिस्क कपाटात ठेवून द्यावी. आणि प्रोग्रॅमची दुरुस्ती आली, तर ती त्याच दिवशी करून घ्यावी. राखणदार कितीही विश्वासाचा असला, तरी एक किल्ली आपल्यापाशी असू द्यावी.